अवातिमे भाषेत स्वर सात की नऊ? आणि 'ग्ब' देवनागरीत कसा लिहावा?

पानगळ यांचा प्रश्न

नमस्कार. घानाच्या व्होल्टा प्रांतात, टोगोच्या सीमेलगतच्या डोंगरांत बोलल्या जाणाऱ्या अवातिमे या भाषेच्या ध्वनिव्यवस्थेवर मी एक मराठी टिपण लिहीत आहे. ही भाषा बोलणारे लोक पंधरा-वीस हजारांच्या घरात असून वाने, आमेजोफे, ग्बाजेमे, बियाक्पा, फुमे अशा मोजक्या गावांत त्यांची वस्ती आहे. सभोवतालची मोठी भाषा एवे ही आहे; शाळेत, चर्चमध्ये आणि बाजारात तीच चालते, त्यामुळे अवातिमे बोलणारा बहुतेक प्रत्येक माणूस एवेही बोलतो.

माझी पहिली अडचण अशी की हाताशी असलेल्या वर्णनांत स्वरांच्या संख्येवरच एकमत नाही. जुन्या अभ्यासकांनी सात स्वर मोजलेले दिसतात, तर १९९५ साली रसेल शू आणि इयन मॅडिसन या दोघांनी, दोघेही लॉस अँजेलिसच्या विद्यापीठातले, नऊ स्वर मांडले. मधल्या काळात भाषेत दोन स्वर नव्याने उपजले असे तर घडले नसणार. मग कुणाचे तरी कान चुकले असले पाहिजेत. मी काही ध्वनिमुद्रणे ऐकली आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर मलाही सातच ऐकू आले. नऊ आहेत हे कशावरून मानायचे, आणि ते मराठी वाचकाला कसे समजावून सांगायचे?

दुसरी अडचण गावांच्या नावांची आहे. 'ग्बाजेमे' आणि 'बियाक्पा' असे लिहिले की मराठी वाचक आधी अर्धा ग आणि मग ब, आधी अर्धा क आणि मग प असे दोन ध्वनी उच्चारणार, हे उघड आहे. तेथे मात्र हा एकच ध्वनी मानला जातो. यासाठी देवनागरीत काही सोय करता येईल का?

तिसरी शंका घर्षक ध्वनींविषयी, म्हणजे अरुंद फटीतून हवा घासत निघते अशा ध्वनींविषयी. एवेमध्ये दोन प्रकारचे फ आणि दोन प्रकारचे व आहेत असे वाचले. अवातिमेत तर ओठ आणि टाळूचा मागचा भाग अशा दोन्ही ठिकाणी एकाच वेळी घर्षण होणारे ध्वनी असल्याचे एका ठिकाणी म्हटले आहे आणि दुसऱ्या ठिकाणी ते साफ नाकारले आहे. यातले खरे काय?


आरण्यक यांचे उत्तर

आपल्या पहिल्या प्रश्नापुरतेच लिहितो, कारण तोच सर्वांत खोल आहे आणि त्याचे उत्तर कानाने मिळत नाही, व्याकरणाने मिळते.

पश्चिम आफ्रिकेतल्या अनेक भाषांप्रमाणे अवातिमेतही नामे उपसर्गांनी वर्गांत विभागलेली असतात. माणसांच्या वर्गाचा अनेकवचनी उपसर्ग काही शब्दांना 'बा-' असा लागतो आणि काहींना 'बे-' असा. दुसऱ्या एका वर्गात 'का-' आणि 'के-' अशी जोडी आहे, माणसांच्याच वर्गाच्या एकवचनात 'ऑ-' आणि 'ओ-' अशी. यांपैकी कोणते रूप लागेल हे मूळ शब्दातला स्वर ठरवतो. या व्यवस्थेला स्वरसंवाद म्हणू या. त्यात स्वरांचे दोन गट पडतात आणि एका शब्दाच्या मुळात दोन्ही गटांचे स्वर एकत्र नांदत नाहीत. उपसर्ग बिचारा मुळाच्या गटात जाऊन बसतो.

आता सात स्वर गृहीत धरून हा नियम लावून पाहा. मुळात स्पष्ट ए किंवा ओ असेल तर 'बे-' येते, ॲ, ऑ किंवा आ असेल तर 'बा-' येते. इथवर सारे सुरळीत चालते. पण मुळात इ किंवा उ आला की काही शब्द 'बे-' घेतात आणि काही 'बा-', आणि दोन्ही मुळांतला स्वर तर ऐकणाऱ्याने एकाच अक्षराने लिहून ठेवलेला असतो. जुन्या वर्णनांत याचा अर्थ असा लावला गेला की अवातिमेतला स्वरसंवाद मोडकळीस आला आहे, त्याचे अवशेष तेवढे उरले आहेत. शू आणि मॅडिसन यांचे म्हणणे असे की काहीही मोडलेले नाही. दोन स्वर ऐकायचे राहून गेले आणि ते शेजारच्या स्वरांच्या खात्यावर जमा झाले. इ दोन आहेत आणि उ दोन आहेत. एक जोडी ए-ओच्या गटातली, दुसरी आ-ॲ-ऑच्या गटातली. इतके मान्य केले की अपवाद म्हणून बाजूला ठेवलेले शब्द एकदम रांगेत येतात.

एक आक्षेप मात्र येथे घेता येतो आणि तो रास्त आहे. दोन स्वर पूर्वी होते, नंतर ते उच्चारात एक झाले आणि जुन्या भेदाची खूण उपसर्गात तेवढी उरली, असे घडले असते तरी आपल्याला उपसर्गांचे हेच चित्र दिसले असते. मराठीत 'चाक' आणि 'चार' यांतले दोन च ध्वनीने वेगळे आहेत हे आपण कानाने जाणतो, लिपीवरून नव्हे. तसा पुरावा इथेही हवाच. म्हणून मॅडिसन यांनी बोलणाऱ्यांचे ध्वनिमुद्रण करून स्वर मोजले. मोजणीत हे स्वर एकमेकांत मिसळलेले आढळले नाहीत, वेगवेगळे आढळले. फरक बारीक आहे, पण आहे. उपसर्गांचा पुरावा आणि मोजणीचा पुरावा एकाच दिशेला बोट दाखवतात म्हणून नऊ ही संख्या मी निःशंकपणे लिहीन.

हा फरक तोंडात नेमका कसा घडतो, हे सांगताना जपून लिहावे. घानातल्याच आकान भाषेबाबत जॉन स्ट्युअर्ट यांनी १९६७ साली दाखवून दिले की दोन गटांतला भेद जिभेच्या मुळाच्या हालचालीने पडतो. एका गटात जिभेचे मूळ पुढे सरकते, त्यामुळे घशाची पोकळी रुंदावते. दुसऱ्यात ते मागे राहते. बाहेरून पाहणाऱ्याला यातले काहीच दिसत नाही, ओठ आणि जिभेचा शेंडा दोन्ही वेळा जवळपास सारखेच असतात. आकानमध्ये 'एबुओ' म्हणजे पक्ष्याचे घरटे किंवा खुराडे आणि 'ॲबुऑ' म्हणजे दगड. मधला उ आपल्या कानाला एकच वाटतो, पण पहिल्या शब्दात तो एका गटातला आहे आणि दुसऱ्यात दुसऱ्या, आणि म्हणूनच आधीचा व नंतरचा स्वर बदलला आहे. आकानच्या प्रमाण लेखनातही नऊ स्वरांसाठी सातच अक्षरे आहेत, तेव्हा अवातिमेबाबत ऐकणाऱ्यांची गल्लत झाली यात नवल नाही. अवातिमेत हा भेद जिभेच्या मुळाचा आहे की केवळ जिभेच्या उंचीचा, याबाबत मोजणीतले सगळे निकष एकाच बाजूला कौल देत नाहीत. टिपणात 'नऊ स्वर, दोन गट' एवढे ठामपणे लिहावे आणि शरीररचनेचे स्पष्टीकरण आकानच्या नावावर द्यावे.

जुन्या अभ्यासकांना दोषही फार देऊ नये. आमेजोफेला ब्रेमेनच्या जर्मन मिशनने १८८९ साली ठाणे उभारले आणि पुढे तेथे शिक्षक घडवण्याची शाळाही चालवली. मिशनचे सगळे काम एवेतून चाले. फुंके यांनी १९०९च्या सुमारास अवातिमेच्या व्याकरणाचा पहिला प्रयत्न केला तोही याच वर्तुळातून. एवेच्या स्वरांत आकानसारखे दोन गट नाहीत आणि तिच्या लेखनात सात स्वरांची अक्षरे आहेत. ज्याचा कान एवेवर घडला त्याने शेजारच्या डोंगरावरचे नऊ स्वर सात खणांत भरले.

आणि एक सूचना. मराठीत लिहिताना या दोन इंसाठी इ आणि ई, दोन उंसाठी उ आणि ऊ वापरण्याचा मोह होईल, तो टाळावा. वाचक लगेच ऱ्हस्व-दीर्घ असा अर्थ घेईल, आणि हा भेद लांबीचा अजिबात नाही.


तेमाकर यांचे उत्तर

मी भाषाशास्त्राचा विद्यार्थी नाही. नोकरीनिमित्त नऊ वर्षे घानात, तेमा बंदराजवळ राहिलो आणि सुट्टीत दोनदा आमेजोफेला जाऊन आलो. गेमी नावाच्या डोंगरावर लोखंडी क्रूस उभा आहे, तो पाहायला लोक जातात. तेव्हा 'ग्ब'विषयी जे शिकलो ते सांगतो.

ग्बाजेमेचा रस्ता विचारताना मी 'गबाजेमे' असेच म्हणत होतो आणि समोरचा माणूस सौजन्याने दरवेळी न समजल्यासारखे करत होता. शेवटी सोबतच्या वाटाड्याने मला थांबवून सांगितले की आधी ओठ मीट, मग बोल. युक्ती एवढीच आहे. ब म्हणण्यासाठी ओठ मिटायचे आणि मिटलेल्या ओठांच्या आत, त्याच क्षणी, ग म्हणण्यासाठी जिभेचा मागचा भाग टाळूला लावायचा. दोन्ही दारे बंद झाली की दोन्ही एकदम उघडायची. क आणि प यांचेही तसेच. मधे अ चा अंशही येता कामा नये. कोंबडी खुडुक झाल्यावर करते तसा काहीसा दबका, घशातून आलेला आवाज निघतो. निदान माझा तरी तसा निघाला आणि वाटाड्याचे समाधान झाले.

शब्दाच्या सुरुवातीला हे जमवणे कठीण जाते. आधी एखादा स्वर घेऊन 'आग्बा', 'आक्पा' असा सराव केला तर लवकर साधते. बियाक्पा म्हणूनच मला ग्बाजेमेच्या आधी जमले.

मराठी वृत्तपत्रांनी हा ध्वनी याआधीही लिहिलेला आहे, फक्त आपल्या लक्षात आलेले नाही. आयव्हरी कोस्टचे माजी अध्यक्ष ग्बाग्बो यांच्या आडनावात तो दोनदा येतो. टोगोतल्या क्पालिमे शहराचे नावही याच ध्वनीने सुरू होते. तेव्हा माझ्या मते 'ग्ब' आणि 'क्प' हे जोडाक्षर जसे आहे तसेच ठेवावे आणि टिपणाच्या सुरुवातीला एक वाक्य घालावे.

जाता जाता, अवातिमे लोकांचा तांबड्या भाताचा उत्सव असतो, त्याला आमू म्हणतात. हा शब्द तरी देवनागरीत विनासायास लिहिता येतो.


उंबरठा यांचे उत्तर

तेमाकर यांनी सांगितलेली कृती उत्तम आहे, मात्र 'दोन्ही दारे एकदम उघडायची' या वाक्यात थोडी दुरुस्ती सुचवतो. एवे बोलणाऱ्यांच्या जिभेवर आणि ओठांवर संवेदक बसवून मॅडिसन यांनी नव्वदच्या दशकात जी मोजमापे घेतली, त्यांत असे दिसले की जिभेचे दार किंचित आधी बंद होते आणि ओठांचे दार किंचित उशिरा उघडते. मधला बराच काळ दोन्ही बंद असतात. त्यामुळे या ध्वनीत शिरताना आधीच्या स्वरावर क-गची छाया पडते आणि बाहेर पडताना पुढच्या स्वरावर प-बची. आपल्याला आधी क आणि मग प ऐकू येतो तो या छायांमुळे, आणि रोमन लेखनात क आधी, प नंतर हा क्रम पडला तोही त्याला साजेसाच आहे. पण संपूर्ण ध्वनीला लागणारा वेळ जवळपास साध्या प किंवा क एवढाच असतो, दोन व्यंजनांच्या बेरजेएवढा नसतो. मराठीतल्या 'नाकपुडी' या शब्दात क आणि प शेजारी आहेत. तेथे लागणारा वेळ आणि बियाक्पामधला वेळ यांची तुलना केली तर फरक लगेच जाणवेल.

हा ध्वनी जगात सर्वत्र सापडत नाही. गिनी आणि लायबेरियापासून पूर्वेकडे दक्षिण सुदानच्या बाजूपर्यंत पसरलेला एक पट्टा आहे, त्यात परस्परांशी नाते नसलेल्या भाषांतही तो आढळतो. पॅसिफिक बेटांवरच्या काही भाषांतही आहे. पीटर लॅडिफोगेड यांनी १९६४ साली पश्चिम आफ्रिकेतल्या ६१ भाषांच्या उच्चारांची पाहणी प्रसिद्ध केली, तीत या ध्वनीचे एकाहून अधिक प्रकार नोंदवले आहेत. काही भाषांत दारे उघडताना हवा क्षणभर आत ओढली जाते, काहींत नाही. नायजेरियातल्या योरुबात तर साधा प नाहीच, आणि म्हणून तिच्या लेखनात रोमन लिपीतले प चे अक्षरच 'क्प' या उच्चारासाठी वापरले जाते.

आता घर्षकांकडे वळतो, कारण या बाबतीत मराठी वाचकाच्या हाती एक जुनी किल्ली आहे आणि ती कुणी वापरत नाही. संस्कृत व्याकरणात विसर्गाचे दोन विशेष उच्चार सांगितले आहेत. क-खच्या आधी येणारा विसर्ग जिव्हामूलीय, म्हणजे जिभेच्या मागच्या भागाशी घासून निघणारा. प-फच्या आधी येणारा उपध्मानीय, म्हणजे दोन ओठांच्या फटीतून फुंकर घातल्यासारखा. 'अंतःकरण' आणि 'अंतःपुर' हे शब्द जुन्या शिस्तीने म्हणून पाहावेत. एवेमधला दुसरा फ म्हणजे हा उपध्मानीयच, आणि त्याचा घोष, म्हणजे स्वरतंतू कंपवून काढलेला, भाऊ म्हणजे दोन्ही ओठांनी घासलेला व. पहिला फ आणि पहिला व दातांनी खालच्या ओठाला स्पर्श करून निघतात. एवेमध्ये 'एवे' हा शब्द दोन ओठांच्या व ने म्हटला तर ते भाषेचे नाव होते आणि दातांच्या व ने म्हटला तर त्याचा अर्थ 'दोन' असा होतो. स्वतःच्या भाषेचे नावच परक्याच्या तोंडी 'दोन' होऊन बसावे, ही अडचण त्यांच्या वाट्याला रोज येत असेल. दोन्ही ध्वनींतले अंतर इतके कमी आहे की एवे बोलणारे दातांचा फ उच्चारताना वरचा ओठ मुद्दाम थोडा उचलतात, असे निरीक्षण आहे.

अवातिमेविषयी आपण जे परस्परविरोधी वाचले त्याचा उलगडा असा. अवातिमेत जिव्हामूलीयासारखा ध्वनी आहे, तसेच त्याचे ओठ गोल करून उच्चारलेले रूपही आहे. घोष आणि अघोष अशा दोन्ही प्रकारांत. या गोल ओठांच्या ध्वनींना काहींनी दुहेरी घर्षक मानले, म्हणजे ओठांत आणि टाळूपाशी एकाच वेळी हवा घासली जाते असे म्हटले. मॅडिसन यांनी १९९५च्या त्याच लेखात, जेथे स्वरांचा प्रश्न सोडवला, हा समजही खोडून काढला. घर्षण एकाच ठिकाणी, मागे होते. ओठ फक्त गोल होतात, जसे आपण 'ख्वाजा' म्हणताना करतो. दोन्ही जागी हवा कोंडणे शक्य आहे, आणि 'क्प' हा त्याचा पुरावा आहेच. दोन्ही जागी एकाच वेळी हवा घासत ठेवणे मात्र फार अवघड, कारण मागच्या फटीने हवेचा जोर आधीच कमी केलेला असतो. 'क्प' आहे म्हणजे त्याचे घर्षक भावंडही असेल, अशी सममितीची ओढ वर्णन करणाऱ्याला पडली असावी, हा माझा तर्क.

देवनागरीविषयी माझे मत तेमाकर यांच्याहून वेगळे आहे. वृत्तपत्रात 'ग्ब' चालेल, ध्वनिव्यवस्थेवरच्या टिपणात चालू नये. तेथे दोन्ही अक्षरांवर एक जोडरेषा द्यावी, किंवा पहिल्याच उल्लेखात 'एकजीव ग्ब' असे म्हणावे. स्वरांसाठी मी असे सुचवीन की दुसऱ्या गटातले इ आणि उ नुक्ता देऊन इ़, उ़ असे लिहावेत, आणि ॲ, ऑ आपल्याकडे आहेतच. ॲ चा मराठी उच्चार 'बॅट'सारखा फार उघडा असतो, अवातिमेचा तो स्वर ए आणि ॲ यांच्या मधला आहे, हे एकदा सांगून टाकावे.

एका ध्वनीच्या बाबतीत मात्र आपल्याला काहीच करावे लागत नाही. आमेजोफे आणि ग्बाजेमे यांतला ज हा 'जवळ' आणि 'जाड' मधला दंत्य ज आहे. हिंदीत लिहिणाऱ्याला येथे द आणि ज़ जोडून कसरत करावी लागते. मराठी वाचकाला एवढेच सांगायला हवे की 'जेमे'मध्ये ए असला तरी ज मात्र दंत्यच ठेवा, 'जेवण'सारखा तालव्य करू नका. आपली सवय ए आणि इ यांच्या आधी तालव्य ज म्हणण्याची आहे, तेव्हा चूक तेथेच होईल.


पानगळ यांचा प्रतिसाद

आपण सर्वांनी इतकी सविस्तर उत्तरे दिलीत याबद्दल मनापासून आभार. उपध्मानीयाची आठवण माझ्या मनातही आली नव्हती. नुक्त्याची सूचना स्वीकारतो, जोडरेषेची मात्र छपाईत पंचाईत होईल, म्हणून 'एकजीव' हा शब्द वापरीन.

दोन गोष्टी उरतात. स्वरसंवादात मूळ शब्द नेहमीच धनी आणि उपसर्ग नेहमीच चाकर असतो का? आणि अवातिमे ही सुरांची भाषा आहे, म्हणजे आवाजाच्या चढउताराने तीत अर्थ बदलतो, तर ते सूर टिपणात दाखवायलाच हवेत का? मराठीत 'स्वर' हा शब्द आधीच दोन अर्थांनी वापरात असल्यामुळे मी या अर्थाने 'सूर' लिहीत आहे, ते योग्य आहे ना?


आरण्यक यांचे उत्तर

'सूर' योग्यच आहे. 'स्वर' लिहिले असते तर 'नऊ स्वर' म्हणजे काय यावर वाचक अडखळला असता.

पहिल्या शंकेचे उत्तर अवातिमेच्या शेजारणीकडे आहे. जवळच न्यांग्बो नावाची वस्ती आहे, तेथल्या भाषेला बोलणारे तुत्रुग्बु म्हणतात. ही अवातिमेची जवळची नातलग. जेम्स एसेग्बे यांनी या भाषेचे सविस्तर व्याकरण २०१९ साली प्रसिद्ध केले. तेथेही मूळ शब्दाचा गट डावीकडे, उपसर्गांकडे सरकतो. पण क्रियापदाला एकापुढे एक अनेक उपसर्ग लागतात आणि त्यांतल्या अगदी पहिल्या, म्हणजे मुळापासून सर्वांत दूरच्या उपसर्गातला स्वर इ-उ सारखा उच्च असेल, तर मधले आ-सारखे स्वर बदलायला नकार देतात आणि संवाद तेथेच अडतो. पहिला उपसर्ग उच्च स्वराचा नसेल तर तेच मधले स्वर निमूटपणे बदलतात. याचा अर्थ असा की मधल्या स्वराचे काय होणार हे ठरवण्यासाठी शब्दाची दोन्ही टोके माहीत असावी लागतात. उजवीकडे मूळ काय आहे आणि डावीकडे, कदाचित तीन-चार अक्षरांपलीकडे, पहिला स्वर कोणता आहे. ध्वनिनियम शेजाऱ्यापुरते पाहतात, अशी भाषाशास्त्रात रूढ समजूत होती, त्यामुळे गेल्या काही वर्षांत संगणनाच्या अंगाने विचार करणाऱ्या अभ्यासकांनी तुत्रुग्बुवर मोठी चर्चा केली आहे. तेव्हा धनी-चाकर ही उपमा अवातिमेपुरती ठेवा; तुत्रुग्बुत चाकरांचा मुकादम वेगळा असतो.

सुरांचे म्हणायचे तर प्रत्येक शब्दावर खुणा देण्याची गरज नाही, पण ते पूर्णपणे वगळूही नयेत. खालचा, वरचा आणि त्याहूनही चढा असे सूर वर्णनांत दिलेले आहेत. या अतिचढ्या सुराचे एक काम मराठी वाचकाला चटकन उमगेल. अवातिमेत एखाद्या शब्दावर भर द्यायचा असेल तर तो वाक्याच्या सुरुवातीला आणतात आणि त्याचे शेवटचे अक्षर अतिचढ्या सुरात म्हणतात. आपण 'मीच गेलो', 'कालच आला' यांत जे काम च कडून करून घेतो, ते तेथे सुराकडून होते. शब्द जोडला जात नाही, अक्षर वाढत नाही, फक्त आवाज चढतो. सास्किया फान पुटन यांनी २०१४ साली नेदरलँड्समधल्या नायमेखेन येथे सादर केलेला प्रबंध याच विषयावर आहे, आणि अवातिमेच्या ध्वनींचा थोडक्यात पण विश्वसनीय आढावा त्याच्या सुरुवातीच्या भागात मिळतो.


उंबरठा यांचे उत्तर

आरण्यक यांच्या शेवटच्या मुद्द्यावरून एक व्यावहारिक गोष्ट सुचते. भर देणारा हा सूर लेखनात दाखवला नाही तर 'मी गेलो' आणि 'मीच गेलो' यांतला फरक कागदावर केवळ शब्दक्रमावर अवलंबून राहतो. घानाच्या सरकारी भाषा विभागामार्फत ज्या अकरा भाषांत पुस्तके निघतात, त्यांत एवे आहे, अवातिमे नाही. ज्याला अवातिमेत चिठ्ठी लिहायची आहे त्याने शाळेत एवेची अक्षरे गिरवलेली असतात. त्या अक्षरांत दोन फ आणि दोन व यांची सोय आहे, एकजीव क्पचीही आहे, पण इ आणि उ एकेकच आहेत. सात स्वरांचा घोटाळा केवळ जर्मन मिशनऱ्यांच्या कानातला नव्हता, तो शाळेच्या पाटीवरही आहे.

आपल्या टिपणात अवातिमे आणि तिच्या नातलग डोंगरी भाषांना 'टोगोच्या उरलेल्या भाषा' असे जुन्या जर्मन नावाचे भाषांतर करून लिहू नये, अशीही विनंती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, हा मुलूख जर्मन टोगोलँडमध्ये असताना, ते नाव पडले. त्यामागे या भाषा म्हणजे कुठल्या तरी जुन्या थराचा गाळ आहे असा भाव आहे. आज 'घाना-टोगो पर्वतीय भाषा' असे म्हणतात. त्या साधारण चौदा आहेत. बेर्न्ड हाइने यांनी १९६८ साली त्यांचे 'ना' आणि 'का' असे दोन गट पाडले, ते मांसासाठीच्या शब्दावरून. अवातिमे 'का' गटातली.


तेमाकर यांचे उत्तर

उंबरठा यांनी दंत्य ज विषयी जे लिहिले ते वाचून उगीच मोठ्याने 'ग्बाजेमे' म्हणून पाहिले, तर काय सांगावे, इतकी वर्षे मी 'जेवण'मधलाच ज म्हणत होतो. वाटाड्याने ग्बची दुरुस्ती केली आणि ज कडे बहुधा दयाबुद्धीने दुर्लक्ष केले.


पानगळ यांचा प्रतिसाद

सर्व सूचना टिपून घेतल्या. टिपणाच्या पहिल्या पानावर खुलासा असा देत आहे: 'येथे क्प आणि ग्ब हे एकजीव ध्वनी समजावेत, ओठ आणि जीभ एकाच वेळी मिटतात. ज सर्वत्र जवळ या शब्दातल्याप्रमाणे, पुढे ए किंवा इ असला तरीही. इ़ आणि उ़ हे ऱ्हस्व नाहीत. ते आ, ॲ आणि ऑ यांच्या गटातले वेगळे स्वर आहेत.' 'उरलेल्या भाषा' हा उल्लेख काढून टाकला आहे. तुत्रुग्बुतल्या दोन टोकांच्या नियमासाठी वेगळा परिच्छेद लिहिण्याचा विचार होता, पण तो लिहू लागलो तसे लक्षात आले की ते एक स्वतंत्र टिपणच होईल. या अंकात अवातिमेच राहू देतो.